ड्रिल सरळ का फिरतं? एका गावाची सव्वाशे वर्षांची गोष्ट

मित्रांनो, आज राजकारण नाही. आज आपल्या एमआयडीसीतल्या एका नंबराबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरातलं कुणी मशीनवर काम करतं किंवा ज्यांचा मुलगा-मुलगी आयटीआयला आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

कुठल्याही मशीन शॉपमध्ये जा. ड्रिल मशीनशेजारी कप्प्यात लोखंडी नळकांडी पडलेली असतात. त्यांना स्लीव्ह म्हणतात. त्यावर कोरलेलं असतं, एमटी-२, एमटी-३. हेल्पर पोरगा पहिल्याच आठवड्यात शिकतो, "दोन नंबरचा स्लीव्ह दे." पण हे 'एमटी' म्हणजे काय, असं विचारलं तर दहातले आठ जण सांगतील, "मोर्स टेपर." आणि मोर्स म्हणजे? तिथे बहुतेक गप्प.

मोर्स हा एक माणूस होता. त्याने काढलेली कंपनी अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड नावाच्या बंदराच्या गावात होती. त्याच्या नावाचा नंबर आज जगभरच्या वर्कशॉपमध्ये रोज उच्चारला जातो. कंपनी मात्र संपली. नंबर राहिला आणि कारखाना गेला, हे कसं झालं यात आपल्यासाठी बरंच काही आहे.

आधी अडचण काय होती ते बघू

ड्रिलने भोक पाडणं सोपं वाटतं. पण ड्रिलचा मध्य आणि मशीनच्या स्पिंडलचा मध्य एका रेषेत नसेल तर ड्रिल फिरताना टोकाशी छोटा गोल काढत फिरतं. कारागीर म्हणतात "ड्रिल हलतंय", इंजिनीअर म्हणतात "रनआउट आहे". मग ड्रिलच्या दोन धारांपैकी एकीवर जास्त भार येतो, भोक मापापेक्षा मोठं होतं, कधी तिरकं जातं, आणि बारीक ड्रिल असेल तर तुटतं. म्हणजे ड्रिल कितीही भारी आणा, ते *धरलंय कसं* यावर भोकाचं माप ठरतं.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बरीचशी ड्रिलं लोहारकामातली असायची. पोलादाची सळई घ्यायची, टोक ठोकून चपटं करायचं, धार लावायची. मागचं टोक चौकोनी किंवा गोल. ते स्पिंडलच्या भोकात घालून बाजूने एक स्क्रू आवळायचा. गंमत अशी की भोकात ड्रिल जावं म्हणून थोडी ढिलाई ठेवावीच लागते, आणि स्क्रू एका बाजूने आवळला की ड्रिल दुसऱ्या बाजूला सरकतं. म्हणजे धरण्याच्या पद्धतीतच चूक होती. ड्रिल बदललं की ती चूकही बदलायची.

युद्ध, बंदुका आणि पिळाचं ड्रिल

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बंदुकांची मागणी वाढली. प्रॉव्हिडन्स शहरात बंदुका बनवणाऱ्या एका कारखान्यात फ्रेडरिक हाउ नावाचे तंत्रज्ञ होते. बंदुकीच्या ज्या बारीक नळीतून ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते, त्या नळीला भोक पाडायला पिळाची ड्रिलं लागत. आणि त्या ड्रिलवरची पिळाची खाच कामगार हाताने, गोल कानशीने घासून काढत! हाउ यांनी ही अडचण त्याच शहरातल्या जोसेफ ब्राउन यांना सांगितली. ब्राउन यांनी ही खाच कापू शकेल असं यंत्र बनवलं. १८६२ मध्ये विकलं गेलेलं ते पहिलं युनिव्हर्सल मिलिंग मशीन. आपल्या टूलरूममधल्या मिलिंग मशीनचा हा पूर्वज, आणि तो जन्माला आला ड्रिलच्या खाचेसाठी.

त्याच काळात मॅसॅच्युसेट्स राज्यात ईस्ट ब्रिजवॉटर इथे स्टीफन मोर्स हा कारागीर पिळाच्या ड्रिलवर काम करत होता. ७ एप्रिल १८६३ रोजी त्याला ड्रिलचं पेटंट मिळालं. १८६४ मध्ये 'मोर्स ट्विस्ट ड्रिल अँड मशीन कंपनी' उभी राहिली आणि कारखाना न्यू बेडफर्डला आला.

न्यू बेडफर्डच का? हे गाव व्हेल माशांच्या शिकारीवर श्रीमंत झालेलं. व्हेलच्या तेलावर तेव्हा दिवे जळत. पण १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि रॉकेल स्वस्त होत गेलं. पुढे १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ शिकारी जहाजं अडकून सोडून द्यावी लागली, त्यातली बरीच याच गावची. जुना धंदा बुडतोय हे ज्यांना कळलं, त्यांनी पैसा कापड गिरण्यांत आणि कारखान्यांत घातला. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात साखर कारखान्याला उतरती कळा लागल्यावर लोक काय करायचं म्हणून हवालदिल होतात ना, तसं हे गाव. फरक एवढाच की त्यांनी वेळेत दुसरी वाट धरली.

शंकूची युक्ती

मोर्सच्या नावाने जी पद्धत रूढ झाली ती अशी: ड्रिलची मागची दांडी, म्हणजे शँक, सरळ गोल न ठेवता निमुळती करायची. स्पिंडलचं भोकही तेवढंच निमुळतं. दोन्ही अगदी जुळणारे शंकू. आता ढिलाई ठेवायची गरजच नाही. शँक आत ढकलली की चारही बाजूंनी एकाच वेळी टेकते, आणि ड्रिलचा मध्य आपोआप स्पिंडलच्या मध्याशी येतो. एका बाजूने आवळणारा स्क्रूच राहिला नाही.

उतार किती? ढोबळमानाने २० मिमी लांबीत १ मिमी जाडी कमी होते. म्हणजे मध्यरेषेपासून कोन दीड अंशाहूनही कमी. इतक्या कमी कोनात पोलाद पोलादावर दाबलं की घर्षणच त्याला धरून ठेवतं. आपोआप निसटत नाही. हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसतं आणि काढायला स्पिंडलच्या खाचेतून पाचर, म्हणजे आपला ड्रिफ्ट, ठोकावा लागतो. शँकच्या शेवटी जो चपटा टँग असतो त्यावर ड्रिफ्ट बसतो. बरेच जण समजतात की टँगच ड्रिलला फिरवतो. खरा भार घर्षणावर असतो. टँग वारंवार पिळवटत असेल तर समजा की शंकू नीट टेकत नाहीये.

आणि शंकू नीट का टेकत नाही? एक बारीक चिप आत राहिली, तेलाचा चिकटा राहिला, कुणीतरी स्लीव्ह जमिनीवर आपटला आणि त्याला टोचा पडला. शंकू जरासा तिरपा बसतो, आणि तिथली चूक ड्रिलच्या टोकापर्यंत जाताना लांबीच्या प्रमाणात वाढते. म्हणून जुने मिस्त्री शँक बसवण्याआधी स्पिंडलच्या आत कापड फिरवतात. नव्या पोराला ती सवय म्हाताऱ्याची खोड वाटते. ती खोड नाही, तेच काम आहे.

चुकीचा आकडा, पण सगळ्यांचा

आता सगळ्यात मजेची गोष्ट. मोर्स टेपरचे नंबर ० ते ७. आपल्याला वाटेल, सगळ्यांचा उतार एकच असेल. नाही! एमटी-१ मध्ये २०.०४७ मिमीला १ मिमी. एमटी-३ मध्ये १९.९२२ ला १. एमटी-५ मध्ये १९.००२ ला १. प्रत्येकाचा वेगळा, आणि या आकड्यांत काही सुसूत्रता शोधायला जाल तर डोकं दुखेल.

याउलट जार्नो नावाची एक टेपर पद्धत होती. ती हिशेबाला इतकी देखणी की काय सांगू. सगळ्या नंबरांचा उतार एकच, २० ला १. नंबराला ८ ने भागा, जाड टोकाचा व्यास इंचात मिळतो. १० ने भागा, बारीक टोकाचा व्यास. २ ने भागा, लांबी. तक्ता पाहायचीसुद्धा गरज नाही.

तरी जार्नो मागे पडली आणि मोर्स टिकला. कारण तोपर्यंत हजारो मशीनमध्ये मोर्सची भोकं होती आणि हजारो ड्रिलांवर मोर्सची शँक होती. पुढे राष्ट्रीय मानकं आली, मग आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि ते वाकडेतिकडे आकडे जसेच्या तसे कायम झाले. मला यात मोठा अर्थ दिसतो. मानक म्हणजे सगळ्यांत हुशार आकडा नव्हे. मानक म्हणजे सगळ्यांनी पाळायचं ठरवलेला आकडा. एका देशात बनलेलं ड्रिल दुसऱ्या देशातल्या मशीनमध्ये पहिल्या झटक्यात बसतं, ते या शब्दाला जागण्यामुळे. आकडा देखणा नसला तरी चालेल, पण मी माझ्या सोयीने थोडा बदलला तर सगळ्यांचंच बिघडतं.

मोर्सनंतरची साखळी

प्रत्येक बारीक ड्रिलला निमुळती शँक करणं महाग. सरळ दांडीची ड्रिलं धरायला चक लागतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आर्थर जेकब्स याने १९०२ मध्ये आज आपण वापरतो त्या चकचं पेटंट घेतलं. जुन्या चकचा पाना निसटून त्याची बोटं सोलवटली आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. तीन जबडे, बाहेरून दात असलेली बाही आणि ती फिरवायला छोटी दातेरी चावी. आपल्या सुताराच्या हँड ड्रिलपर्यंत तोच चक पोचला.

मिलिंगमध्ये कटरवर बाजूने धक्के बसतात, तिथे नुसतं घर्षण पुरत नाही. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मशीन उत्पादकांनी जास्त उताराचा शंकू आणला, २४ ला ७. हा आपोआप धरत नाही. मागून खेचदांडा लावून ओढून धरावा लागतो, पण सोडला की चटकन निघतो. आज व्हीएमसीवर टूल आपोआप बदलताना दिसतं ते याच वंशातलं. बीटी-४० म्हणतो तो याचाच जपानी अवतार.

मग कोलेट. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७२ मध्ये ईआर कोलेट आणला. चिरा पाडलेली पोलादी बाही, नट आवळला की सगळीकडून सारखी दबते. चांगल्या अवस्थेतला ईआर कोलेट ड्रिलला साधारण ०.०१ मिमीच्या आसपास मध्यावर धरतो. वापरून झिजलेला साधा चक याच्या कितीतरी पट हलतो. पण इथेही हाताची सवय लागते. कोलेट आधी नटमध्ये 'टक्' करून बसवायचा आणि मग नट होल्डरवर चढवायचा. कोलेट आधी होल्डरमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो नीट दबत नाही, आणि काढताना अडकून बसतो. ही चूक आपल्या भागातल्या शॉपमध्येही सर्रास दिसते.

शेवटी स्पिंडल इतके वेगात फिरायला लागले की त्यांचं तोंडच किंचित फुगायला लागलं आणि शंकू आत ओढला जाऊ लागला. जर्मनीत आखेनच्या तंत्रविद्यापीठाने उद्योगांना सोबत घेऊन एचएसके ही पोकळ शंकूची पद्धत बसवली. ती शंकूवर टेकते आणि सपाट तोंडावरही टेकते. विद्यापीठ आणि कारखानदार एका टेबलावर बसले की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

आणि मग न्यू बेडफर्डचं काय झालं

मोर्सचा कारखाना शंभर वर्षं चालला. पुढे तो गल्फ अँड वेस्टर्न या मोठ्या समूहाच्या ताब्यात गेला. सिनेमाची पॅरामाउंट कंपनीही याच समूहाची. म्हणजे ड्रिल, सिनेमा, सगळं एका छत्राखाली. मालक न्यूयॉर्कात, मशीन न्यू बेडफर्डात.

कामगारांच्या लक्षात यायला लागलं की नवीन मशीन येतच नाहीत. जुन्यावरच उत्पादन काढलं जातंय. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युनियनने नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. बाहेरच्या जाणकारांकडून कारखान्याचा अभ्यास करून घेतला. निष्कर्ष असा की कारखान्यातून पैसा बाहेर जातोय, पण मशीनमध्ये परत घातला जात नाहीये. कंपनीने पगार-सवलतींत कपात मागितली तेव्हा १९८२ मध्ये संप झाला. तेरा आठवडे. मागणी फक्त पगाराची नव्हती. "कारखान्यात गुंतवणूक करा" ही कामगारांची मागणी होती. विचार करा, असं आपल्याकडे कितीदा ऐकलंय?

१९८४ मध्ये मालकाने सांगितलं, विकू नाहीतर बंद करू. तेव्हा गावच्या महापौरांनी जाहीर केलं की गरज पडली तर शहर भूसंपादनाचा अधिकार वापरून कारखाना ताब्यात घेईल. रस्त्यासाठी जमीन घेण्याचा कायदा कारखाना वाचवायला वापरण्याची धमकी! तिचा परिणाम झाला. कारखाना बंद न होता दुसऱ्या मालकाला विकला गेला. पण गमावलेली वर्षं भरून निघाली नाहीत. १९८७ मध्ये दिवाळखोरी, आणि १९९०च्या सुमारास कायमचं कुलूप.

ज्या कारखान्याचं नाव जगभरच्या अचूकतेला चिकटलं, तो झिजलेल्या मशीनमुळे आणि झिजू देणाऱ्या मालकीमुळे मेला.

आता आपल्याकडे या

आपल्याकडे हरिहरला १९४१ मध्ये मैसूर किर्लोस्कर उभी राहिली, बंगळुरूला १९५३ मध्ये एचएमटी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीपर्यंत शेकडो छोट्या शॉपमध्ये अशा लेथ आल्या आणि त्यांच्या टेलस्टॉकमध्ये मोर्सचाच शंकू होता. आपल्या कित्येक घरांची चूल त्या शंकूवर पेटली, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

पण एक प्रश्न मला छळतो. मशीन आलं की नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो येतो. आम्ही पत्रकारही तो फोटो छापतो. दहा वर्षांनी त्या मशीनच्या स्पिंडलचं काय झालं, हे बघायला ना पुढारी जातो, ना आम्ही. जी मुलं शिकायला येतात, त्यांना झिजलेल्या, आतून ओरबाडलेल्या स्पिंडलवर भोक पाडायला लावलं तर त्यांचं भोक मोठंच येणार. आणि त्यांना वाटतं, "आपला हात चांगला नाही." पोराचा हात चांगला असतो, स्पिंडल वाकडं असतं. हा अन्याय कुठल्या कागदावर येत नाही.

हे तपासायला काही मोठी समिती लागत नाही. मोर्स शंकूची टेस्ट बार स्पिंडलमध्ये बसवायची, डायल गेज लावायचं, स्पिंडल हाताने हळू फिरवायचं. काटा किती हलतो ते बघायचं. एकदा तोंडाजवळ, एकदा बारच्या शेवटाला. दहा मिनिटांचं काम. आकडा मशीनवर चिकटवून ठेवायचा, तारखेसह.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जे आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर आहेत, जे उद्योजक संघटनेत आहेत, जे नुसते पालक आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत तीनच प्रश्न विचारावेत. या मशीनचा रनआउट शेवटचा कधी मोजला? आकडा किती आला? तो कमी करायला या वर्षी काय खर्च केला? उत्तर मिळालं तर त्या शिक्षकांचं मनापासून कौतुक करा, कारण असं काम करणारे आहेत आणि त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. उत्तर नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात परत विचारा.

आणि शॉपमालक मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. चांगलं वर्ष गेलं की नवी गाडी येते, त्यात गैर काही नाही. पण त्याच वर्षी एक स्पिंडल ग्राइंड करून घ्या, झिजलेले कोलेट आणि टोचा पडलेले स्लीव्ह भंगारात टाका. न्यू बेडफर्डच्या कामगारांना जे तेरा आठवडे ओरडून सांगावं लागलं, ते तुमच्या ऑपरेटरने बहुतेक तुम्हाला चहाच्या वेळी आधीच सांगितलेलं असेल.

तुमच्या शॉपमध्ये किंवा संस्थेत रनआउट नियमित मोजला जात असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा. चांगलं काम करणाऱ्यांची यादी करू आणि पुढच्या पोस्टमध्ये त्यांच्याबद्दल लिहू.